रात्रीची शिफ्ट कोणाची?

परवा जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तोच विषय निघाला. बाळ झोपतं का? आमच्या टीममध्ये सध्या चार नवे बाप आहेत. एक म्हणाला, "क्रिबमध्ये ठेव, दार लाव, रडू दे. पाच दिवसांत सरळ होतं." दुसरा म्हणाला, "छे, आम्ही रडवत नाही. हळूहळू सवय लावतोय." मी विचारलं, "आम्ही म्हणजे कोण रे?" तो जरा थांबून म्हणाला, "म्हणजे... बायको."

हसू नका, मीही त्यातलाच. मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा मी झक्कपैकी एक्सेल शीट बनवली, बायकोला मेल केली आणि कूस बदलून झोपलो.

तर मुद्दा असा, की रडवावं की नाही यावर आपण तावातावाने भांडतो. 'रडू द्या'वाले ज्यांचं नाव घेतात, त्या बॉस्टनच्या डॉ. रिचर्ड फर्बरनीसुद्धा १९८५ च्या पुस्तकात दार लावून विसरून जा असं म्हटलेलं नाही. अंतर वाढवत वाढवत, पण आत जाऊन धीर द्या, असंच सांगितलंय.

हळुवार पद्धत तर त्याहून वेळखाऊ. रोज त्याच क्रमाने अंघोळ, दूध, दिवा मंद, अंगाई. बाळ पेंगुळलं की पूर्ण झोपायच्या आत क्रिबमध्ये पाठीवर ठेवायचं. कुरकुरलं तर छातीवर हात ठेवायचा, थोपटायचं. जोरात रडलं तर उचलायचं, शांत करायचं, पुन्हा ठेवायचं. भूक असेल तर दूध द्यायचंच. मग काही दिवसांनी थोपटणं कमी, नंतर नुसतं शेजारी बसणं.

आमच्याकडे एका वेळेला चाळीस मिनिटं लागायची, रात्रीतून तीनदा. म्हणजे रोजचे दोन तास, तीन आठवड्यांचे बेचाळीस. चांगली आठवड्याभराची नोकरी झाली की! आणि ती कोण करणार हे कोणी विचारतच नाही.

"मला सकाळी ऑफिस असतं." तिलाही असतं. आणि नसलं तरी दिवसभर बाळ सांभाळणं म्हणजे सुट्टी नव्हे. "पण ती आईशिवाय झोपत नाही." अहो, तुम्ही कधी झोपवलंत? उलट आमचा अनुभव असा, की आई जवळ आली की हिला दूधच हवं असतं. माझ्याकडे ते नाही हे तिला कळलं, आणि थोपटण्यावर भागू लागलं. पहाटे तीनला सर्व्हर पडल्याचा अलर्ट आला तर आपण ताडकन उठतो. मग इथेच कान बंद कसे होतात?

आणखी एक काम बापाचंच. क्रिबमध्ये घट्ट, सपाट गादी हवी. उशी, दुलई, खेळणी काही नको. अमेरिकेत १९९२ पासून बालरोगतज्ज्ञांनी बाळांना पाठीवर झोपवायला सांगितलं, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा आजीने प्रेमाने आणलेली मोहरीची उशी बाजूला काढावी लागते. ती आजी तुमची आई असेल तर तिच्याशी तुम्हीच बोला. सुनेला पुढे करू नका.

अठराव्या रात्री मुलगी मूठ चघळत, छताकडे बघत आपोआप झोपली. एकोणिसाव्या रात्री पुन्हा चारदा उठली. चालायचंच. फक्त त्या चारांतले दोन माझे होते.

असो. साडेआठ वाजले, निघतो. आज माझी शिफ्ट आहे.