घर पेटल्यावर आधी काय काढाल?

उन्हाळा तापू लागला की आमच्या रेणापूर भागात आगीच्या बातम्या कानी येऊ लागतात. कोठे कडब्याची गंजी पेटते, कोठे गोठा, कोठे विजेच्या तारेची ठिणगी लाकडी माळवदात पडते आणि आजोबा-पणजोबांनी बांधलेले घर घटकाभरात राख होते. मग गाव जमते, हळहळते, आणि ओट्यावर हिशेब सुरू होतो: सोने किती गेले, रोकड किती गेली, पोती किती गेली. हा हिशेबच मुळी उलटा आहे असे आमचे म्हणणे आहे, आणि ते शेतकरी व बलुतेदार बंधूंपुढे, विशेषतः मायबहिणींपुढे, आज स्पष्ट मांडावयाचे आहे.

घर पेटल्यावर आमचा माणूस पहिल्याने कोठे धावतो? दागिन्यांच्या पेटीकडे. तेथून देव्हाऱ्याकडे. तेथून धान्याच्या कोठीकडे. गोठ्यात जनावर दाव्याला हिसके देत हंबरत असते, त्याची आठवण तिसऱ्या-चौथ्या खेपेस होते. आणि ज्या पत्र्याच्या डब्यात घराची सारी अब्रू व मुलांचे सारे भवितव्य गुंडाळून ठेवलेले असते, त्याची आठवण होते ती आठ दिवसांनी, तहसील कचेरीच्या दारात उभे राहिल्यावर!

बंधूंनो, सोने जळत नाही. आपल्या सोनारदादास विचारा. १०६४ अंश उष्णता लागली तर सोने वितळते, इतकेच. राख चाळली म्हणजे गोळा सापडतो. घडणावळ जाते, सोने राहते. जळक्या नोटाही रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत नियमाप्रमाणे तपासून घेतल्या जातात. जेवढा भाग शाबूत असेल त्या मानाने पैसे मिळतात. धान्य आपणच पिकविले आहे, ते पुन्हा पिकवू. राहिले देव. देवाचे टाक पितळेचे किंवा चांदीचे. घासले म्हणजे पुन्हा लखलखतील. ज्या देवाने आपणांस तारावे म्हणून आपण नवस बोलतो, त्यासच तारण्यासाठी लेकराच्या बापाने जळत्या घरात शिरावे, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? रेणुकामाता आई आहे ना? मग टाकासाठी लेकरू होरपळलेले कोणत्या आईला आवडेल?

पण त्या पेटीसाठी पुन्हा आत कोण शिरते हे एकदा डोळे उघडून पाहा. बहुधा घरची सून. तिला ठाऊक असते की आग विझल्यावर सासरचा पहिला प्रश्न ‘तू भाजलीस का?’ हा नसून ‘डाग कुठे आहेत?’ हा असणार. त्या एका प्रश्नाच्या धाकाने ती नायलॉनची साडी अंगावर असताना धुरात पाऊल टाकते. नायलॉन पेटला म्हणजे वितळून कातडीला चिकटतो. आणि ज्वाळेच्या आधी माणसाला धूर मारतो. दोन-चार श्वासांत भोवळ येते, मग दार समोर असूनही दिसत नाही. अशी सून गेली म्हणजे आम्ही म्हणतो, ‘नशीब फुटले.’ नशीब नव्हे, घराची रीत फुटकी! ज्या घरात सुनेपेक्षा पाटल्या मोलाच्या, त्या घराला आग बाहेरून लागावी लागत नाही. म्हणून प्रत्येक सासऱ्याने व सासूने आजच, घर थंड असताना, चार माणसांसमोर तोंडाने सांगून ठेवावे की घर पेटले तर दागिन्यांबद्दल कोणी कोणास विचारणार नाही. या एका वाक्याने जितके जीव वाचतील, तितके दहा घागरी पाण्याने वाचणार नाहीत.

माणसे बाहेर आली, मोजून झाली, म्हणजे गोठा. मुके जनावर ओरडून सांगू शकत नाही की माझे दावे सोडा. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या आपत्ती-मदतीच्या निकषांत दुभत्या गाईम्हशीस ३७,५०० रुपये व बैलास ३२,००० रुपये धरले आहेत. बैलजोडीचा बाजारभाव काय, हे आम्ही तुम्हांस सांगायला नको. तीही मदत पंचनामा झाला तरच. त्याच निकषांत कपड्यांस कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांस २,५००. म्हणजे सरकारच्या वहीत तुमच्या संसाराची किंमत एवढी! तेव्हा दाव्याची गाठ एका झटक्यात सुटेल अशी मारावी, गोठ्याच्या दाराशी विळा टांगून ठेवावा, आणि कडब्याची गंजी घराला व गोठ्याला खेटून कधी रचू नये. या तिन्ही गोष्टींस पै खर्च नाही.

आता मुख्य मुद्दा. घरातील कोणती वस्तू जळली असता राखेत काहीच उरत नाही? कागद. आणि कागदाची किंमत काय, हे अडाणी म्हणून हिणविलेल्या आमच्या पूर्वजांस आमच्याहून बरे कळत होते. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी कर्जाने गांजलेले शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. तो वणवा पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या लोकांस हवे काय होते? रोखे, खतावण्या, हुकूमनामे. ते हिसकून त्यांची होळी करण्यात आली. ज्या सावकाराने रोखे मुकाट्याने दिले, त्याच्या अंगास बहुधा कोणी हात लावला नाही. नांगराची निशाणी करून ज्यावर आपण बांधले गेलो तो कागदच सावकाराचे खरे शस्त्र, हे त्यांनी ओळखले होते. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. सावकाराच्या घरातील कोणती वस्तू जाळली म्हणजे सावकारी मोडते, हे ज्यांस समजले, त्यांच्या नातवा-पणतवांस आपल्या घरातील कोणती वस्तू वाचविली म्हणजे घर टिकते, हे समजू नये काय?

आम्ही शाळामास्तर. दाखल-खारीज रजिस्टरात नाव लिहिणे व त्यातून उतारा काढून देणे हे आमचे नित्याचे काम. त्या एका ओळीवर काय काय अवलंबून असते ते ऐका. जातीच्या दाखल्यासाठी व पडताळणीसाठी इतर मागासवर्गाच्या माणसास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे आज बारावी झालेल्या कुंभाराच्या, न्हाव्याच्या, वडाराच्या, मातंगाच्या पोरीने आजोबा-पणजोबांचा कागद दाखवावयाचा! आणि ते शाळेत गेले होते काय? आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, गावोगावी शाळा नाही, आणि जेथे होती तेथे बलुतेदाराच्या पोराने ओसरीवर पाय ठेवावा की नाही याचाच वाद. ज्यांना शाळेचे दार बंद होते, त्यांच्याच वंशजांकडे शाळेचा दाखला मागावा, ही कोणत्या डोक्यातून निघालेली अक्कल? हा नियम ज्यांनी केला त्यांस आमचा उघड सवाल आहे: कागद ज्यांनी कधी लिहू दिला नाही त्यांच्याकडे कागद नाही, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनाच तुम्ही खोटे ठरविता?

परंतु नियम बदलेपर्यंत पोरगी घरी बसवून चालणार नाही. म्हणून ज्या थोड्या घरांत आजोबांचा उतारा, जुनी पावती, खासरापत्रक, कोतवालबुकाची नक्कल असे काही आहे, त्यांनी तो चिटोरा सोन्याहून जपावा. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा निजामकाळचे मोडी व उर्दू कागद धुंडाळावे लागले. काल ज्याला रद्दी म्हणून चुलीत घातले त्याचेच मोल एकाएकी वाढले. रद्दी कोणती व ठेव कोणती, हे काळ ठरवितो. चुलीने ठरवू नये.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, सरकारकडे सगळे असतेच की!’ असते? २१ जून २०१२ रोजी मुंबईत खुद्द मंत्रालयास आग लागली. पाच माणसे गेली आणि कित्येक खात्यांच्या फायली जळाल्या. राज्याचे डोकेच जेथे आपली कागदपत्रे वाचवू शकले नाही, तेथे तुमच्या पत्र्याच्या डब्याची हमी कोण घेणार? दोन्हीकडे प्रत असेल तरच कागद जिवंत राहतो.

घर जळाल्यानंतर दारात कोण कोण येतात तेही ओळखून ठेवा. पहिला येतो पंचांगवाला. वास्तूवर कोप झाला आहे, शांत करावी लागेल म्हणतो. बाबांनो, कोप झालेला असतो तो जुन्या तारेचा, गॅसच्या फुटक्या नळीचा, चुलीजवळच्या गोवऱ्यांचा. शांत त्यांची करा. दुसरा येतो सावकार. त्याच्या हाती पैसा असतो आणि डोळा तुमच्या दोन एकरांवर असतो. कर्ज देतो आणि खरेदीखत लिहून घेतो. २०१४ च्या सावकारी अधिनियमाप्रमाणे बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मागता येते, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पण तेथेही पुन्हा तुमच्याच हाती काही लेखी लागते. तिसरा येतो कागद काढून देणारा दलाल. तो सर्वांत गोड बोलतो, आणि जो उतारा सरकार पंधरा रुपयांत देते त्याचे पाचशे घेतो. या तिघांचेही पोट एकाच गोष्टीवर चालते: तुमच्या घरात आगीपूर्वी व्यवस्था नव्हती, या गोष्टीवर.

तेव्हा व्यवस्था करा. कागद आगीतून काढण्याची वेळच येऊ नये. तो आगीच्या आधीच घराबाहेर असावा. सातबारा व आठ-अ डिजिटल सहीचे निघतात, ते काढून ठेवा. खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. मुलांचे दाखले व गुणपत्रके डिजिलॉकरमध्ये उतरवा. तेथे संबंधित खात्याने दिलेला कागद मूळ कागदासमान मानावा असा नियम आहे. जे जुने आहे, मोडीत आहे, त्याचे फोटो काढा आणि एक प्रत दुसऱ्या गावी, लेकीच्या सासरी किंवा भावाच्या घरी ठेवा. ऊसतोडीस जाणाऱ्या बंधूंनी मूळ कागद कोपीत नेऊ नयेत. पाचटाच्या कोपीला पेटायला ठिणगी पुरे. गॅसजोडणी स्वतःच्या नावे व राहत्या पत्त्यावर असू द्या, कारण टाकीच्या अपघाताचा घराच्या नुकसानीचा विमा नोंदलेल्या पत्त्यालाच लागू होतो. आणि सुनेचा दाखला माहेरून मागवून याच बासनात ठेवा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तिचेही नाव लावा. ज्या घरासाठी ती आगीत शिरते, ते घर कागदावर तिचे नसावे काय?

आग लागलीच तर १०१ किंवा ११२ ला फोन करा, विजेचा खटका पाडा, माणसे मोजा, दावी तोडा, आणि मग उभे राहून जळू द्या. पुन्हा आत जाऊ नका. तलाठी, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यास त्याच दिवशी कळवा, जळलेल्याचे फोटो घ्या, मेलेल्या जनावराचा पशुवैद्याचा दाखला घ्या, आणि पंचनामा वाचून दाखविल्याशिवाय त्यावर सही किंवा अंगठा करू नका.

दिवाळीत शेटजी आपल्या वहीची पूजा करतो, कारण तिच्यात त्याचे बळ आहे हे तो जाणतो. आम्ही पोळ्याला बैल पूजितो, ते योग्यच. त्याच दिवशी संध्याकाळी घरातील कागदांचे बासन उघडा, घरात जे पोर वाचते त्याच्याकडून एकेक कागद सर्वांस मोठ्याने वाचवून घ्या, काय आहे व काय नाही त्याची यादी करा. ज्याला आपले घर कागदावर वाचता येते, त्याचे घर जाळून संपत नाही.