वकिलाची कमाई, गावाचे विद्यापीठ

घरात कोणी वकील झाला की दोन गोष्टींची चौकशी होते. कोर्टात नाव किती आहे आणि घर कधी बांधणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण काळा कोट खुंटीला लागल्यावर त्या कमाईचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून या महिन्यात एका अशा वकिलाची ओळख करून घेऊ, ज्याच्या कमाईचा हिशेब आजही हजारो विद्यार्थी रोज चुकता करीत आहेत.

भुसावळहून इटारसीमार्गे रेल्वेने उत्तरेला गेले की भोपाळच्या पुढे बुंदेलखंड लागतो. तिथल्या सागर या गावात २६ नोव्हेंबर १८७० रोजी हरिसिंग गौर यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. गावात शाळा होती, पण उच्च शिक्षणाची सोय नव्हती. त्यासाठी त्यांना नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात यावे लागले आणि तिथून ते केंब्रिजला गेले. १८९२ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले.

रायपूर आणि नागपूर ही त्यांची कर्मभूमी. दिवाणी असो की फौजदारी, गौर उभे राहिले म्हणजे खटल्याचे पान न् पान वाचलेले असणार, असा लौकिक होता. दिवसा कोर्ट आणि रात्री लेखन, असा त्यांचा क्रम. मालमत्ता हस्तांतराचा कायदा आणि दंडसंहिता यांवरचे त्यांचे जाडजूड ग्रंथ पुढे वकिलांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. वकिलीतून आणि ग्रंथांतून पैसा भरपूर आला. नागपूर नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावी अशीही एक गोष्ट आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती. पण स्त्री म्हणून कोर्टात वकिली करण्याचा हक्क मिळायला त्यांना जवळजवळ तीस वर्षे लागली. हा अडसर सर्व प्रांतांतून दूर करणारा कायदा १९२३ मध्ये झाला आणि त्यासाठी मध्यवर्ती कायदेमंडळात आवाज उठवणाऱ्यांत गौर पुढे होते. आज जळगाव-धुळ्याच्या कोर्टांत आपल्या मुली युक्तिवाद करताना दिसतात, त्यांची वाट अशी मोकळी झाली.

१९२२ मध्ये दिल्ली विद्यापीठ निघाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू गौरच होते. तीन कॉलेजांवर ते सुरू झाले होते. पुढे नागपूर विद्यापीठाचेही ते कुलगुरू झाले. विद्यापीठ उभारायला काय लागते आणि पैशावाचून ते कसे अडते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

मग वयाच्या पंचाहत्तरीत, जेव्हा माणूस आराम शोधतो, तेव्हा त्यांनी आयुष्यातले सर्वांत मोठे काम हाती घेतले. १८ जुलै १९४६ रोजी सागर विद्यापीठ सुरू झाले. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या बचतीतून वीस लाख रुपये दिले. त्या काळचे वीस लाख! सुरुवात लष्कराच्या जुन्या बराकींत झाली. ते नुसते देणगी देऊन थांबले नाहीत. पहिले कुलगुरू म्हणून २५ डिसेंबर १९४९ रोजी निधन होईपर्यंत त्यांनी काम केले आणि मृत्युपत्रानेही संपत्तीचा मोठा हिस्सा विद्यापीठालाच दिला. आजच्या मध्य प्रदेशातले हे पहिले विद्यापीठ. २००९ पासून ते केंद्रीय विद्यापीठ आहे आणि गौर यांचेच नाव धारण करते.

मुंबई, नागपूर किंवा दिल्लीत पैसा दिला असता तर नाव जास्त झाले असते. पण शिकायला ज्या गावाबाहेर पडावे लागले, त्याच गावाला त्यांनी विद्यापीठ दिले. आपण खानदेशकरांनी हे दुःख भोगले आहे. आपली कॉलेजे आधी मुंबई आणि मग पुणे विद्यापीठाखाली होती. एका दाखल्यासाठी रात्रीच्या गाडीने पुणे गाठावे लागे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला विद्यापीठ झाले तेव्हा तो फेरा चुकला. त्याआधी अमळनेरच्या प्रताप शेठजींसारख्या दात्यांनी या भागात शिक्षणाला हात दिला होता. देणाऱ्यांची परंपरा आपल्या मातीतही आहे.

आता आपल्या घरातला प्रश्न. गौर यांनी मृत्युपत्राने मोठा हिस्सा दिला, तसे आपल्याला करता येईल का? इथे शरीअतची मर्यादा ध्यानात घ्यावी. वसीयत एकूण मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच करता येते. त्याहून जास्त द्यायचे तर मृत्यूनंतर वारसांची संमती लागते. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना बहुतेक संपत्ती दान करू पाहत होते. तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना एक तृतीयांशावर थांबवले, कारण वारसांना लोकांपुढे हात पसरायला लागू नये. म्हणजे मुलाबाळांचा हक्क मारून केलेले दान आपल्याकडे नाही.

म्हणूनच ज्याला मनापासून मोठे काही द्यायचे आहे, त्याने ते धडधाकट असताना, घरच्यांना विश्वासात घेऊन द्यावे. शेवटच्या आजारपणात केलेल्या दानालाही एक तृतीयांशाचीच मर्यादा लागते. वक्फ असो वा ट्रस्ट, कागद नीट करावा. पैसा कोणासाठी, हिशेब कोण ठेवणार, त्याच्यानंतर कोण, हे स्पष्ट लिहावे. तोंडी शब्दावर सोडलेली दाने पुढे भावाभावांच्या भांडणात आणि कोर्टाच्या तारखांत विरतात.

वीस लाख सर्वांकडे नसतात. पण विद्यापीठात ठेव ठेवून तिच्या व्याजातून पारितोषिक देता येते. तीन-चार घरांनी मिळून एका मुलीची कायद्याच्या अभ्यासक्रमाची फी भरता येते. निवृत्त वकिलांनी आपली पुस्तके विधी महाविद्यालयाला द्यावीत, आठवड्यातून एक संध्याकाळ मोहल्ल्यात बसून गरजूंचे कागद वाचून द्यावेत. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ही माहितीसुद्धा कित्येक घरांत पोहोचलेली नाही. ती पोहोचवणे हेही दानच आहे.

वाचकहो, आपल्या नात्यात किंवा ओळखीत कोणी ज्येष्ठ वकीलसाहेब असतील तर हे पान त्यांच्यापुढे ठेवा. त्यांच्या अनुभवाचा आणि कमाईचा थोडा वाटा या गावातल्या मुलामुलींसाठीही आहे, एवढे त्यांना अदबीने सांगा. सदका-ए-जारिया म्हणतात तो हाच. देणारा जातो, त्याचा सवाब चालू राहतो.