आमची खाडी पावसाळ्यात बंद असते

मागच्या अंकातल्या लोणच्यांच्या लेखावर बरीच पत्रं आली. त्यांची उत्तरं पुढच्या खेपेस नक्की देईन. आज मात्र विषय दुसरा आहे. डिसेंबरच्या तिकिटांचं बुकिंग आमच्याकडे सुरू झालंय, आणि त्यावरून घरात जी चर्चा झाली ती तुमच्याही घरात कधीतरी झाली असणार.

माझं गाव बाणकोटच्या खाडीवर, मंडणगड तालुक्यात. मुली लहान असताना रात्री गोष्ट सांगायची पाळी माझी असे. राजा-राणी मला येत नाहीत, म्हणून मी खाडीच सांगायचो. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून काढलेल्या तिसऱ्या, दगडांवरची कालवं, किनाऱ्याला लागलेल्या होड्यांची रांग. 2003 च्या जुलैत थोरलीला, म्हणजे सात वर्षांची असताना, पहिल्यांदा गावी नेलं. ती छत्री घेऊन धक्क्यावर उभी राहिली. समोर तांबडं गढूळ पाणी धो धो वाहत होतं, होड्या वर ओढून झापांखाली झाकून ठेवलेल्या, माणूस कुठे दिसेना. पोरगी म्हणाली, "बाबा, तू खोटं सांगितलंस."

आपली सगळ्यांचीच ही गत नाही का? इथल्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुटतात. त्यामुळे आपली मुलं भारत बघतात तो भर पावसातला. नाशिक-पुण्याकडच्यांचं ठीक आहे, पण किनाऱ्यावरच्या माणसानं जुलैत पाहुणे न्यायचे म्हणजे दुकान बंद असताना गिऱ्हाईक नेण्यासारखं. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीच असते, आणि बिनयंत्राच्या होडीलाही त्या दिवसांत बाहेर घालायचं धाडस कुणी करत नाही.

बंद असतं ते आपल्यासाठी, हे मला फार उशिरा कळलं. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला काही वाटा आमच्या दारावरून समुद्राला जातो. मे महिन्यात खाडीचं पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट, म्हणजे लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास मीठ. जुलैत तेच पाणी वरवर चाखलं तर नदीचं वाटतं. खारं पाणी जड, ते तळाशी पाचरीसारखं शिरतं आणि गोडं पाणी त्याच्यावरून वाहतं. म्हणजे एकाच खाडीत दोन पाणी, एकावर एक! आता यात तिसरीनं काय करावं? तिला पळता येत नाही. ती शिंपला घट्ट मिटून चिखलात बसते. गोडं पाणी फार दिवस टिकलं तर मरते. खाडीत वाढलेल्या कोलंबीला पाय आहेत, ती पाणी गोडं व्हायला लागलं की समुद्राकडे सरकते आणि तिथेच अंडी घालते. पुढे तिची सुईएवढी पिल्लं भरतीबरोबर परत खाडीत येतात. चिंबोरीची मादीही अंड्यांसाठी समुद्राकडेच जाते. बाहेर समुद्रात बांगड्याच्या विणीचे हेच महिने. नद्यांनी आणलेला गाळ, खालून वर येणारं थंड पाणी, यांनी समुद्रात सूक्ष्म वनस्पतींचं पीक येतं आणि पिल्लांना खायला मिळतं. नारळी पौर्णिमेनंतर जाळ्यात जे येतं ते या दोन महिन्यांत तयार झालेलं असतं.

हे मला कुणी सांगितलं म्हणाल तर अर्धं पुस्तकांनी आणि अर्धं आमच्या खाडीवरच्या चाचांनी. चाचांची होडी पावसात झाकलेली, मुलगा कुवेतला, त्यामुळे गप्पांना वेळ. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनीच दोन्ही मुलींना रात्री बत्ती घेऊन शेताच्या बांधावर नेलं. पाण्याच्या लोंढ्याविरुद्ध उड्या मारत मासे शेतात चढत होते, अंडी घालायला. आमच्याकडे त्यांना चढणीचे मासे म्हणतात, खाडीपल्याड रायगडात वलगण. बांधाच्या बिळांतून मुठे बाहेर आलेले. सकाळी तिवरांखाली चिखलावर निवट्या उड्या मारताना बघून धाकटी म्हणाली, "हा मासा चालतो!" त्या वर्षी "खोटं" हा शब्द कुणी काढला नाही. (थोरलीनं शाळेच्या सहलीत डेलावेअर बेवर अंडी घालायला आलेले हॉर्सशू क्रॅब पाहिले होते. ती बहिणीला समजावत होती की सगळ्यांची आपापली तारीख ठरलेली असते.)

एक गोष्ट मात्र मला तोवर दिसली नव्हती. दर खेपेला आई पानात सुके बोंबील, सोड्यांचं कालवण, नाहीतर जवळ्याची चटणी वाढायची. आगोटीला भरून ठेवलेलं, स्वतः उन्हात वाळवलेलं. आणि दर खेपेला म्हणायची, "तुम्ही येता तेव्हा घरात ताजं काही नसतं रे." मी हसून "मला हेच आवडतं" म्हणायचो. खरंही होतं ते. पण वीस वर्षं ती बाई आपल्या नातींना पाहुणचार कमी पडला म्हणून मनात धरून बसली होती, हे मला कळायला तिचं ऑपरेशन व्हावं लागलं.

2025 च्या जानेवारीत त्यासाठी गेलो. नोकरीला लागल्यापासून प्रथमच हिवाळ्यात. मुंबईहून निघताना शिवडीला थोडं थांबलो. ओहोटीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवाच्या थवा. पावसाच्या तोंडावर ते निघून जातात, म्हणून एवढ्या वर्षांत कधी दिसले नव्हते. गावी पोचलो तर खाडी निवळशंख. धक्क्यावर कुरव पक्ष्यांची ही गर्दी, चिखल्या ओहोटीच्या कडेकडेनं पळतायत. आणि किनारा चक्क रुंद! पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात आणि नंतर शांत लाटा ती परत आणून टाकतात. त्याच परतलेल्या वाळूत, खाडीच्या तोंडापलीकडे वेळासला (नाना फडणवीसांचं मूळ गाव), ऑलिव्ह रिडले कासवं रात्री येऊन शंभरेक अंडी घालून जातात. पूर्वी ती अंडी लोक उकरून विकायचे. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन ती राखायला सुरुवात केली. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, म्हणजे पाऊस लागायच्या आत सगळा कारभार आटोपलेला. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, हेही तिथेच ऐकलं. उन्हाळे असेच वाढत गेले तर काय, याचा विचार करत परत आलो.

आई पलंगावर. चुलतभावाला हाक मारून तिनं फर्मान सोडलं: ओहोटी अकराला आहे, याला घेऊन जा. पंचवीस वर्षांनी चिखलात उतरलो. पाय रुतले, कंबर धरली, दोघांच्या मिळून दोन पाट्या तिसऱ्या निघाल्या. भाऊ म्हणाला, पूर्वी एवढ्या अर्ध्या वेळात मिळायच्या. वहिनीनं ओलं खोबरं घालून सुकं केलं. आईला डॉक्टरांनी अजून मनाई केली होती, पण तिनं खुर्ची ओढून माझ्या समोर बसून मी किती खातो ते मोजलं.

आता मुली नोकऱ्या करतात, शाळेच्या सुट्टीचं बंधन उरलं नाही. डिसेंबरची सुट्टी दोघींनीही मागितलीय. परवा फोनवर आईला तारखा सांगितल्या, तर ती आधी कालनिर्णय आणायला गेली. परत येऊन म्हणाली, "चार दिवस इकडेतिकडे कर. अमावास्या धरून ये, चिंबोऱ्या भरलेल्या मिळतात."

एअरलाईनवाल्यांना हे कारण कसं सांगायचं, एवढंच राहिलंय.