बाहुली आणि चष्मा

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक बाहुली आहे. ती वीतभरही उंच नाही. शाळेत असताना मी हिंगोलीची मुले घेऊन तेथे गेलो होतो, तेव्हा एका मुलाने हळूच विचारले, "गुरुजी, एवढीशी बाहुली पाहायला आपण इतक्या लांब आलो?"

प्रश्न रास्त होता. सातवाहनकाळी तेर हे तगर नावाचे भरभराटीचे नगर होते. तेथील कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरास जाई आणि तेथून समुद्रापार पोहोचे. या बाहुलीशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई नगराच्या अवशेषांत सापडली. हे सारे ती बाहुली आपण होऊन कसे सांगणार?

ते सांगणारे साधन आता निघाले आहे. त्यास 'मिश्र वास्तव' म्हणतात. एक विशेष चष्मा चढविला की समोरची खरी वस्तू दिसत राहते आणि यंत्राने रचलेली चित्रे तिच्याभोवती वावरू लागतात. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात २०२१ मध्ये अशा चष्म्यांतून, पृथ्वीवरून नाहीसे झालेले प्राणी प्रेक्षकांना समोर हिंडताना दिसले. तगरची बाजारपेठ अशीच बाहुलीभोवती उभी राहिली, तर त्या मुलास उत्तर मिळेल. म्हणून या साधनाला नाके मुरडणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींशी मी सहमत नाही.

परंतु त्यात एक धोका आहे. तो समजण्यास तेरला जावयास नको. आपले औंढा नागनाथाचे मंदिर पुरे. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, कोरीव. वरचे शिखर पुढील काळात नव्याने बांधलेले. हा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. उद्या चष्म्यातून मूळ शिखर दाखविले, तर चित्रकाराने तर्काने काढलेले ते रूप खालच्या दगडाइतकेच खरे भासेल. पुस्तकात 'बहुधा' हा शब्द घालता येतो. चित्रात तो कोठे घालावा? माझ्या मते, तर्काने रचलेला भाग फिक्या रंगातच दाखवावा. शिवाय चष्मा आधी देऊ नये. ज्याने वस्तू एकदा उघड्या डोळ्यांनी न्याहाळली, त्यालाच तो द्यावा.

त्या दिवशी आमच्यापाशी चष्मा नव्हता. तगरची हकीकत मीच सांगितली. ती ऐकून तो मुलगा पुन्हा काचेपाशी गेला आणि बाहुलीच्या अंगावरचे दागिने एकेक करून मोजू लागला.