संशोधनाचे दार आणि न छापलेल्या अटी

अभियांत्रिकीचा प्राध्यापक आपले संशोधनक्षेत्र जाहीर करतो, तेव्हा पीएच.डी.साठी कसा विद्यार्थी हवा हेही सांगतो: गणिताचा पाया भक्कम हवा, संगणकाची आज्ञावली लिहिण्याचा सराव हवा, प्रयोगाची चिकाटी हवी. या अपेक्षा अवाजवी नाहीत. अवकल समीकरणांवाचून द्रवगतिकीत पाऊल टाकता येत नाही. शिवाय मार्गदर्शकाला त्या विद्यार्थ्याबरोबर चार-पाच वर्षे काढायची असतात. पारख करण्याचा त्याचा अधिकार मान्यच केला पाहिजे. प्रश्न एवढाच की, या पारखेचा हिशेब त्याने कोणाला द्यायचा?

आयआयटींतील प्रवेशाचे सामान्यतः दोन टप्पे असतात. पहिली चाळणी 'गेट' परीक्षेची. ती १०० गुणांची व तीन तासांची असून उमेदवाराचे गाव वा आडनाव पाहत नाही. दुसरा टप्पा मुलाखतीचा. तेथे प्रयोगशाळेचा पूर्वानुभव, नामवंत प्राध्यापकाचे शिफारसपत्र आणि सफाईदार इंग्रजी यांचे वजन पडते. या अटी कोठे छापलेल्या नसतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या महाविद्यालयात संशोधनच होत नाही, तेथील मुलाने हा अनुभव आणावा कोठून? उलट, १०पैकी ८ वा अधिक श्रेणीसरासरी मिळवणाऱ्या आयआयटीच्या पदवीधराला कित्येक विभागांत गेटचीही सूट मिळते. ज्याच्यापाशी आहे त्यालाच आणखी द्यावे, असा हा न्याय आहे.

हा खाजगी मामला नव्हे. २०२३च्या जानेवारीपासून संशोधक विद्यार्थ्याची सरकारी पाठ्यवृत्ती आरंभी दरमहा ३७,००० रुपये झाली. हा पैसा जनतेचा आहे. अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५ आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा कायद्याने राखीव आहेत. पण 'योग्य उमेदवार मिळाला नाही' या एका वाक्यात कायदा निष्प्रभ होतो.

त्याचे परिणाम पुढच्या पिढीवर होतात. शिक्षण मंत्रालयाने २०२० साली नेमलेल्या रामगोपाल राव समितीने आयआयटींना अध्यापकभरतीतील आरक्षणातून वगळावे, अशी शिफारस केली. राखीव प्रवर्गांतील पीएच.डी.धारक पुरेसे नाहीत, हे त्यामागील एक कारण होते. दार अरुंद ठेवायचे आणि आत कोणी आले नाही अशी तक्रारही करायची, हा युक्तिवाद कोणत्या तर्कशास्त्रात बसतो? मात्र याच समितीने पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या राखीव प्रवर्गांतील विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांच्या पूर्वतयारीची योजनाही सुचवली होती. आग्रह धरायचा तर तिचा धरावा.

आपली मागणी साधी असावी. प्रत्येक विभागाने अर्ज किती आले, मुलाखतीस किती बोलावले आणि घेतले किती, हे प्रवर्गवार प्रसिद्ध करावे. मुलाखतीचे निकष आधी छापावेत आणि गुण नंतर जाहीर करावेत. नाकारलेल्या उमेदवाराला कारण लेखी द्यावे.

यात गुणवत्तेला कोठेही बाध येत नाही. उलट, जी गुणवत्ता आपला हिशेब उघड करायला कचरते, तिच्याविषयीच संशय घ्यायला हवा. विद्यार्थी आघाडीवरील कार्यकर्त्यांनी ही आकडेवारी माहितीच्या अधिकाराखाली विभागवार मागवावी आणि लोकांपुढे मांडावी. लढ्याची सुरुवात तेथून होईल.