हुबेहूब तीच सायकल!

माझ्या वयाच्या पुरुषांना अलीकडे एक नाद लागला आहे. जुनी सायकल शोधायचा. नुसती जुनी नव्हे, हुबेहूब तीच! बँकेतले माझे एक स्नेही निवृत्तीनंतर चार वर्षं हिरवी रॅले शोधताहेत. जालन्यात भंगारवाल्याकडे एक सापडली, तर मडगार्ड मूळचं नव्हतं. दुसरीची घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाले, ‘‘आवाज तो नाही.’’ मी त्यांना हसत नाही, कारण माझीही नजर भंगाराच्या दुकानाकडे वळतेच.

हा नाद काही वाईट नव्हे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी त्यातूनच सायकलींचं संग्रहालय उभं केलं. 2017 साली ते लोकांसाठी खुलं झालं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसएसुद्धा तिथे आहे. अशी जपणूक हवीच. नॉटिंगहॅममधलं रॅलेचं उत्पादन 2002 मध्ये थांबलं. साहिबाबादचा अ‍ॅटलसचा कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. जे संपलं त्याची ओढ लागायचीच.

आमच्या अंबडची सायकल म्हणजे वडिलांची काळी, चोवीस इंची. सीटवरून पाय पुरत नसत, म्हणून मधल्या दांडीखालून पाय घालून, तिरकं होऊन चालवायची. मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडून उतार लागला की पायडल न मारता भन्नाट सुटायचं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये असा गच्च बसे की सायकलवर आपण नव्हे, आपल्यावर सायकल! आणि बाभळीचा काटा तर बारमाही. हे सगळं आठवलं की जीव हळवा होतो.

पण या आठवणींत एक गोष्ट येत नाही. ती सायकल घरात कोणाची होती? वडिलांची, मग माझी. आई तिला हात लावायची तो फक्त पुसण्यापुरता. माझं आजोळ अंबडहून दोन कोसांवर. आठवीपासून अंबडला यावं लागे. मामेभाऊ सायकलवर यायचे. मामेबहिणींची शाळा मात्र सातवीला संपली. मामाकडे सायकल नव्हती असं नाही. होती, पण ती मुलींसाठी नव्हती. पुढे बँकेत मी दूधवाल्यांना, भांडीवाल्यांना सायकलीसाठी कर्जं दिली. त्या अर्जांवर बाईचं नाव पाहिल्याचं मला आठवत नाही.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरता चळवळीने बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. लाखाहून अधिक जणी शिकल्या. दुकानांतल्या लेडीज सायकली संपल्या, तेव्हा त्यांनी दांडीच्या जेंट्स सायकली घेतल्या. काहींना तर ती दांडीच सोयीची वाटली, पुढे मूल बसवता येतं म्हणून! रंग आणि घंटीचा आवाज यांवर त्या अडून बसल्या नाहीत. त्यांना कुठेतरी पोचायचं होतं.

सर्वांत चांगली सायकल कोणती, याचं माझं उत्तर यातूनच येतं. जिच्यावाचून कोणाचं तरी अडतं, ती. आज आमच्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. सकाळी दप्तर कॅरिअरला लावून जाणाऱ्या या मुली पाहिल्या की मामेबहिणी आठवतात. मात्र त्यांतली एखादी सायकल काही महिन्यांतच गोठ्याच्या भिंतीला टेकलेली दिसते. कारण विचारावं तर पंक्चर किंवा सैल झालेली चेन. खेड्यातल्या सायकल दुकानाचं आता मोटारसायकलचं गॅरेज झालेलं असतं. शिवाय रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक. कडेची साइडपट्टी खचलेली. मुलीने उतरायचं कुठे? एक दिवस घरचे म्हणतात, ‘‘राहू दे बाई.’’ आणि शाळा पुन्हा दोन कोस लांब जाते.

रस्त्याची कड भरून घेणं हे सरकारचं काम. त्यासाठी आपण अर्ज करावेत, पाठपुरावा करावा. निवृत्त माणसाला या दोन्ही गोष्टी छान जमतात. पण दुसरं काम आपल्याच हातातलं आहे. ट्यूब बाहेर काढणं, पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे शोधणं, काचकागदाने घासून सोल्यूशन लावणं, चाकाचा आउट काढणं, हे माझ्या पिढीच्या बोटांत अजून आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर हे मुलींना शिकवायला काय हरकत आहे? एक पंप, दोन पाने आणि सोल्यूशनची ट्यूब, एवढंच शाळेत ठेवायचं. मूळ मडगार्डासाठी आपण मोजायला तयार असतो त्या पैशांत हे सहज बसेल.

माझ्या स्नेह्यांना मी हे सुचवलं आहे. हिरव्या रॅलेचा शोध सोडा असं नाही म्हटलं. पंप तेवढा घेऊन या म्हटलं.