गुणधर्माचे सोंग

युनिट टेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रामचा एखादा लहान घटक सुटा काढून घेतलेल्या चाचणीत, त्याला लागणाऱ्या खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी मॉक हे तोतया ऑब्जेक्ट बसवून त्याच्या प्रॉपर्टींना ठरीव किमती देण्याची, अर्थात त्या स्टब करण्याची, पद्धत रूढ आहे. प्रॉपर्टी केवळ वाचली जाते, म्हणून तिचा स्टब निरुपद्रवी होय, असे या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असते.

हे म्हणणे टिकणारे नाही, कारण प्रॉपर्टी पुष्कळदा पडद्याआडची गणना असते. बीजकाच्या क्लासमधील ‘एकूण’ ही प्रॉपर्टी ओळींची बेरीज करून तीवर 18 टक्के जीएसटी चढवत असेल, तर 1,000 रुपयांच्या मालाला ती 1,180 सांगेल. स्टब केलेले बीजक मात्र एकही ओळ नसताना तोच आकडा बेधडक सांगते. असे बीजक व्यवहारात संभवतच नाही आणि उद्या ‘एकूण’चा हिशेब चुकला तरी त्यावर बेतलेली चाचणी उत्तीर्णच होत राहते.

पायथॉनच्या मॉकमध्ये तर न ठरवलेली प्रॉपर्टीही नवा मॉक होऊन हजर होते, आणि मॉक सत्य गणला जात असल्याने ‘भरणा झाला का’ याचे उत्तर आपोआप होकारार्थी येते. मूळ क्लासमध्ये नसलेली नावे नाकारणारा ‘स्पेक’ हा त्यावरील उतारा सांगितला जातो, पण तो अर्धाच आहे: नुसता स्पेक वाचन अडवतो, लेखन नाही. त्यामुळे क्लासमध्ये ‘एकूण’चे नाव बदलल्यावरही जुन्या नावाला किंमत देणारी चाचणी बिनबोभाट चालते. ‘स्पेक-सेट’ तेही रोखतो. किमतींमधील परस्परसंबंध मात्र त्यालाही कळत नाहीत.

म्हणून मॉक त्याज्य ठरत नाहीत. 2000 साली त्यांची कल्पना मांडणाऱ्यांपैकी स्टीव्ह फ्रीमन यांनीच नॅट प्राइस यांच्यासह 2009 साली लिहिलेल्या ग्रंथात मूल्यस्वरूप ऑब्जेक्टांचे मॉक करू नयेत, असे बजावले आहे. बीजक खरेच तयार करावे. ते डेटाबेसशिवाय तयार होत नसेल, तर दोष क्लासच्या रचनेत आहे. तुटलेली जोडणी किंवा बँकेच्या सेवेची स्थिती मात्र हुकमी घडवता येत नाही, तेथे स्टब उचितच. अशा वेळी पायथॉनचा ‘प्रॉपर्टी-मॉक’ ऑब्जेक्टवर न लावता त्याच्या क्लासवर लावावा लागतो, कारण प्रॉपर्टीचा शोध तेथेच घेतला जातो. आणि तो क्लास खरा असेल, तर चाचणी संपताच ‘पॅच’ या तात्पुरता बदल करणाऱ्या साधनाकडून मूळ प्रॉपर्टी परत बसवून घ्यावी लागते, अन्यथा पुढच्या चाचण्याही त्याच सोंगावर चालतात.